दुमडीतलं कापड

जुफेरच्या गल्लीत, तळाच्या दुसऱ्या फाटकासमोर
माझं दुकान. वर अरबी पाटी, खाली इंग्रजी,
आणि गल्ल्याच्या झाकणाला आतून खडूनं लिहिलेलं
मुकादम, बाणकोट.

अमेरिका मी पाहिलेली नाही.
तिची मापं घेतलीत.

सत्त्याऐंशीला आलो तेव्हा
कुवेतच्या तेलजहाजांवर त्यांचा झेंडा चढत होता.
उस्ताद म्हणाला, कुंकू दुसऱ्याचं लावलं की
वाटेत कोणी अडवत नाही म्हणतात, बघू.
मी तेव्हा नुसती काजं करायचो.

नव्वदच्या ऑगस्टात कापडाचा रंगच फिरला.
हिरवा गेला, वाळूचा आला,
वर तपकिरी ठिपके, करपलेल्या भाकरीसारखे.
एका रात्रीत दोनशे नावपट्ट्या.
जी नावं उच्चारता येत नव्हती
ती खिशावर सरळ रेषेत बसवली.
कुवेतहून निसटलेला दाभोळचा गफूर
माझ्या कातरीच्या टेबलाखाली झोपायचा,
झोपेत दुकानाच्या चाव्या मोजायचा.
दुकान उरलं नव्हतं. चाव्या सात होत्या.

मग टार्पली यायला लागला, मिसिसिपीचा,
काळा, उंच, गुडघ्यात वाकून आरशात बघणारा.
त्याची आई लोकांचे कपडे धुवायची.
मतदार यादीत नाव घालायला गेली तर
कारकुनानं विचारलं,
साबणाच्या वडीत बुडबुडे किती?
ती म्हणाली, धुणं किती आहे त्यावर.
नाव लागलं नाही.
पासष्टला कायदा झाला तेव्हा पुन्हा गेली,
वडी पदरात— नाही, त्यांच्यात पदर नसतो,
पिशवीत घेऊन गेली.
"आणि तू?" त्यानं विचारलं, "तू कोणाला मत देतोस?"
माझा पासपोर्ट कफीलच्या लोखंडी कपाटात,
म्हटलं, मत त्याच्याही आत असेल कुठेतरी.
तो हसला नाही. माझ्या हातातली टाचणी बघत राहिला.
पँट नेली. दोन दिवसांनी टीव्हीवर
जहाजांवरून बगदादकडे जाळ जाताना दिसला.
त्याचं जहाज त्यात होतं का, विचारलं नाही मी.
शिलाई चांगली झाली होती.

दोन हजार एकनंतर फाटक सरकलं,
सिमेंटचे ठोकळे आले, कुत्री आली.
चौदा वर्षांचा शेजारी मी,
रोज सकाळी नव्यानं अनोळखी.

एकदा एका बाईच्या कोटाच्या अस्तरात
फोटो सापडला. ती, आणि दुसरी एक बाई,
गालाला गाल लावून. मी अस्तर पुन्हा शिवलं,
टाका आधीपेक्षा बारीक घातला.
सात-आठ वर्षांनी दोघी आल्या, खांद्याला खांदा,
म्हणाल्या, आता आमच्याकडे चालतं.
एकाच ताग्यातून दोन पांढरे कोट हवेत.
मी म्हटलं, शनिवारी या.
त्यापुढचं मला कळत नाही, कापड मात्र
दोघींना एकसारखं बसलं.

आणि हा खुंटीवरचा गणवेश.
दोन हजार तीन, मार्च. रिग्बी नावाचं पोरगं,
एकोणीसचं, कानामागे पुरळ,
पँट दोन इंच आखूड करायला आलं.
गुरुवारी न्यायला येणार होतं. जहाज बुधवारीच गेलं.
वय वाढतं होतं, म्हणून मी जादा कापलं नाही,
आत दुमडून ठेवलं. उस्तादाची शिकवण,
गिऱ्हाईक परत येतं ते उंच होऊन.

दर उन्हाळ्यात काढतो, झटकतो, डांबरगोळी बदलतो.
कफीलचा मुलगा म्हणतो, जागा अडते.
आज म्हटलं बघू, आणि टाका उसवला.
बाहेरचं सगळं पिवळं पडलंय.
दुमडीतलं दोन इंच
अजून पांढरं आहे.

पुन्हा शिवून टाकलं.
पावती चार हजार एकशे सतरा. शिलाई येणं बाकी.