छाट

सदलगे सरांनी फळ्यावर लिहिलं : संभाव्यता.
मग खडू ठेवून म्हणाले, हे नुसतं वाचून कळत न्हाई,
उद्या घरातलं कायतरी उडवायला घेऊन या.
कुणी रुपया आणला. मलगोंडानं टाचणीचं टोपण.
मी चार चिंचोके आणले, अडकित्त्यानं उभे चिरलेले,
शकिलाबीच्या ओट्यावरच्या चौकाबाऱ्यातले.
एका अंगानं तपकिरी, एका अंगानं पांढरे.

शंभर वेळा टाकला एक चिंचोका.
पांढरा एकसष्ट.
"चिंचोक्यालाबी स्वभाव असतोय," सर म्हणाले, "घासून बघ."
शाळेच्या पायरीवर घासले चारही,
तर्जनीचं कातडं सोललं.
पुन्हा शंभर. बावन्न.
"चालतंय."
त्या एका शब्दावर मला गणित आवडायला लागलं.

आई दिवसाला हजार वळायची.
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्टे,
सुपात पाला, मांडीवर तंबाखूची धूळ,
आणि निपाणीभर तोच वास, म्हणून आम्हाला न येणारा.
संध्याकाळी खिडकीशी रांग.
चेकर कट्टा नाकाशी धरायचा, दाबायचा, फेकायचा :
छाट.
छाटीची मजुरी नाही. छाट परतही मिळत नाही.
ती कुठं जाते, हे रांगेत कुणी विचारत नाही.
पासबुकात तो कानडी आकडे लिही.
मी ते बसच्या पाट्यांवरून शिकले होते :
सहा. सात. सहा. पाच. आठ.

"हात बिघडला असंल माझा," आई म्हणाली.

शकिलाबीनं दोन दिवसांचे कट्टे समोर घेतले,
ऐंशी, एकेक बोटांत फिरवून.
पाच बाजूला काढले. "हे मीबी घेतले नसते."
ऐंशीत पाच. सोळात एक.
मी दचकले,
कारण चारही चिंचोके पांढरे पडायचे ते सोळात एकदा,
हे सरांनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं.

म्हणजे एक टाक म्हणजे एक कट्टा.
चारही पांढरे म्हणजे छाट.
चाळीस टाका म्हणजे आईचा एक दिवस.

मी तीस दिवस टाकले.
बाराशे वेळा, दोन रात्री,
मधे लाईट गेली तेव्हा बॅटरी तोंडात धरून.
फरशीवर चिंचोक्यांचा आवाज,
आणि भिंतीपलीकडून शकिलाबीचा सून : "झोपा की ओ!"
वहीत रेघा :
एकही छाट नाही असे दोन दिवस.
एक, सहा दिवस. दोन, आठ दिवस.
तीन, सात. चार, चार.
पाच, दोन.
सहा, एकदाच.

पासबुकात त्या महिन्यात
सहा किंवा त्याहून जास्त : एकोणीस दिवस.

वही आईपुढे ठेवली.
तिनं रेघांवरून बोट फिरवलं,
तांदळातला खडा शोधतात तसं.
"चिंचोके चेकरला काय सांगणार, बाई?"
पण वही मिटली नाही तिनं.
पाल्याच्या पाण्यात हात बुडवून बसून राहिली बराच वेळ.

सोमवारी मीही गेले.
आईनं कट्टे दिले आणि खिडकीवरून हलली नाही.
"माझ्यासमोर फोडा," म्हणाली,
"प्रत्येक छाट मला दाखवा. कुठं बिघडली, सांगा."
मागची रांग गप्प झाली.
चेकरनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं,
मग माझ्या हातातल्या वहीकडं, जी त्याला वाचता येत नव्हती.
एकेक कट्टा उचलत मोजू लागला, सावकाश,
ओंदु. एरडु. मूरु.
नाल्कु.

चार.
घरी येताना आई म्हणाली, "बघ, कमी झाली!"
मी काही बोलले नाही.
चार येऊ शकतात.
माझ्या वहीत चार वेळा आले होते,
तिथं तर कुणी चेकर नव्हता.

रात्री चिंचोके पुन्हा काढले.
एका दिवसावरून काही म्हणता येत नाही, सर म्हणायचे.
नवीन पान. तारीख. एक रकाना.
शेजारी आईनं उद्याचा पाला भिजत घातला.