शेरा

यादीत सत्तेचाळिसावं ते:
सूर्यघड्याळ, विलायती दगड, बोटीतून आलेलं.
ग्वाल्हेरच्या या बागेत ताटवे, जिने, कठडे, सगळं काटकोनात;
हेच एक दक्षिणेकडून उचललेलं.
मी लिहिलं: 'तिरके. सरळ करणे.'

पाण्याची बाटली त्याच्यावर टेकवली,
ती घरंगळत मेंदीच्या कुंपणात गेली.
काढायला वाकले तेव्हा दिसली
खालची पाचर, आपल्याच खाणीतली, पिवळट,
अशी बसवलेली की सांध्यात नख शिरेना.
कडेला झिजलेलं नाव: घीसा, संगतराश.

तिकडचा सूर्य ठेंगणा असणार.
इथं येऊन दगडानं काही वर्षं
ताठ मानेनं चुकीची वेळ सांगितली असेल,
आणि सगळ्यांनी आपापली घड्याळं
त्याच्यावर लावली असतील.
मग घीसानं, कुणी सांगितलं म्हणून
की न सांगता (कागद सापडत नाही),
त्याला वाकायला शिकवलं
सव्वीस अंश,
आपल्या आकाशापुढं.

सावली साडेअकरावर.
मोबाइल सतरा मिनिटं पुढं;
तो सरकारी वेळेचा हिशोब, घीसाचा नाही.

माळी रामदीन बाटली घेऊन आला.
म्हणाला, बाई, याला हात नका लावू,
मी जेवायला यावरच जातो.

शेरा खोडला.
नवा अजून सुचलेला नाही.