डांबरावरची गाठ

बैस. आधी आरसा तुझ्या उंचीला लाव.
एकवीस वर्षं तो माझ्या डोळ्यांकडे बघतोय.
ही उंच काठी गिअरची, ती तुला माहीत आहे.
शेजारी ही आखूड, मूठ झिजून गुळगुळीत झालेली.
ही हळू ओढायची, तुहाफेनी.
हिला धसमुसळेपणा चालत नाही.

चिखलाचं मी तुला काय सांगू?
तू उत्तरेचा. तुमच्याकडे ओशाना भरले
की बैलसुद्धा पाय जपून टाकतात.
पण इथे चिखल वर्षाकाठी दोन दिवस.
बाकी सगळी खडी, वाळू, दगड
आणि समुद्राकडे गेलास तर मिठाचा रस्ता.
दुपारी तो डांबरासारखा वागतो,
पहाटे धुकं उतरलं की साबण होतो.
तिथे चारही चाकं जोडलीस तर गाडी सरळ निघेल,
एवढंच.
थांबायच्या वेळी ती आखूड काठी
काडीच्या कामाची नाही.
जोर चौघांचा आहे म्हणून वेग वाढवलेले
मी याच मागच्या दारातून आत घेतलेत.
काही बोलत होते. काही नाही.

खडीवर जोडून ठेव. मागचा भाग नाचायचा थांबतो.
हुआबच्या कोरड्या पात्रात शिरण्याआधी
खाली उतर, चाकांतली हवा सोड,
टायर बसल्या उंटासारखा पसरू दे.
मग आत गेलास की थांबू नकोस,
आणि थांबावंच लागलं तर ब्रेक मारू नकोस,
गाडीला आपणहून दमू दे.
पलीकडच्या खडकावर लो रेंज.
एक चाक हवेत लोंबकळेल, वेड्यासारखं फिरेल,
सगळा जोर तिकडेच वाया जाईल.
तेव्हा हे बटण. पण सरळ असतानाच.

आता डांबर. इथेच घोडं पेंड खातं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. हुआबपलीकडच्या एका वस्तीवरून
मी लिडविना होएसला घेऊन निघाले.
वाळू, खडक, खडी, सगळं नीट.
खोरिखासच्या डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले,
इथे नको, ओचिवारोंगोला ने.
मी घाईत. आखूड काठी तशीच पुढे.
पेट्रोल पंपातून डांबरावर वळले
आणि स्टिअरिंग दगड झालं.
टायर किंचाळले. खाली काहीतरी कण्हलं.
कुणी मागून शेपूट धरल्यासारखी
गाडी जागीच अडली.

बघ, वळणावर पुढची चाकं मोठा वळसा घेतात,
मागची छोटा.
दोघांना आपण एका दांड्याला बांधलेलं.
वाळूत कुणीतरी जरासं घसरतं, भांडण मिटतं,
कुणाच्या लक्षातही येत नाही.
डांबर कुणालाच घसरू देत नाही.
सगळा पीळ आत साठतो, दातात दात अडकतात,
आणि मग काठी ओढलीस तरी येत नाही.
मी दोन्ही हातांनी ओढली. नाही आली.

मग गाडी मागे घेतली. चाकं सरळ करून, चार-पाच मीटर.
मागून लिडविना ओरडली, मागे कुठे चाललीस?
आणि अशी एक शिवी दिली,
जी माझ्या आईलासुद्धा माहीत नव्हती.
बरोबरच दिली.
पण पीळ सुटला. खट्.
तो आवाज अजून माझ्या मनगटात आहे.

पुढे? पुढे काय, दोनशे किलोमीटर डांबर.
मूल झालं. तिचं रक्त बरंच गेलं, तीही राहिली.
मला बाजारात दिसते, ओळख दाखवत नाही.

चल, चालू कर.
गेटपर्यंत खडी आहे, त्यापुढे डांबर.
मी काही सांगणार नाही.
तुझा हात कधी खाली जातो
तेवढं बघते,
मग उतरते.