रिकाम्या गाडीचं वजन

मकरपुऱ्याच्या धर्मकाट्यावर बाबा एकवीस वर्षं
खिडकीतून हात काढून पावत्या देतात:
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी.
त्यांच्या मते जगात हिशेब एवढाच.
बाकी नुसती बडबड.

मला जोखायला त्यांनी
पावतीबुकाची कोरी पाठ घेतली, ताटाशेजारीच.
कर्ज सहा लाख चाळीस.
मी शिकत होते तेव्हा झोपेत चढलेलं व्याज धरून
सात लाख ब्याऐंशी.
हप्ता दहा हजार पाचशे बावन्न, एकशेवीस महिने.
पगार हातात बावीस.
"आणि माझ्या पाटल्या?" आईने विचारलं.
"त्या ह्यात नाही धरायच्या."
आईने तव्यावरची पोळी उलटली,
जरा जोरात.

शेजारचा विरल आयटीआय करून फिटर झाला.
ओव्हरटाइम धरून सव्वीस हजार,
बँकेत जातो तो फक्त पासबुक भरायला.
मला "इंजिनीयर मॅडम" म्हणतो.
त्यात टोमणा किती आणि मान किती
मला अजून मोजता आलेलं नाही,
मोजमाप हाच माझा विषय असून.

लहानपणी बाबांनी सांगितलं होतं,
लबाडी भरलेल्या गाडीत नसते, रिकाम्या गाडीत असते.
रिकामी जोखताना क्लीनर सीटमागे दडून बसतो,
भरलेली जोखताना चहाला उतरतो.
म्हणून आधी रिकामी नीट बघायची.

माझी कुणी बघितलीच नाही.
नंदूमामा जामीनदार म्हणून सही करत होता,
पेन चालेना म्हणून झटकत होता,
तेव्हा मी किती होते?
मिक्सर उघडून परत न जोडता येणारी,
सूरसागरच्या कठड्यावर शेंगांची फोलं उडवत
"इन्स्ट्रुमेंटेशन" हा शब्द नुसता तोंडात घोळवणारी.
ती पावती कुठेच नाही.
मग वजा कशातून काय करायचं?

परवा काटा भरकटला.
पाटावर काही नसताना दोनशे चाळीस,
मग तीनशे दहा, मग उणे.
ट्रकांची रांग पार वळणापर्यंत.
कंपनीचा माणूस उद्या येणार,
नुसत्या येण्याचे साडेचार हजार.
हसमुखभाई फोनवर ओरडत होते.
बाबांनी मला बोलावलं नव्हतं.
सुट्टी होती, डबा द्यायला गेले होते.

खड्ड्यात उतरले, आडवी झाले,
जंक्शन बॉक्सचं झाकण उघडलं.
मुंग्यांनी संसार थाटलेला:
माती, अंडी, हिरवी पडलेली तार.
मल्टिमीटर, पेचकस,
टपरीवाल्याकडून मागून आणलेला दात घासायचा ब्रश.
पाऊण तास.
शून्य आलं.
आणि टिकलं.

पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर वाकून म्हणाला,
"काका, काटो बराबर छे ने?"
बाबांनी त्याला नुसती पावती दिली.

हसमुखभाईंनी पाचशेची नोट दिली.
बाबांनी ती घरी कागदावर चढवली,
जमेच्या बाजूला, माझ्या नावाने,
आणि पेन टेकवून बराच वेळ बसले,
वाचलेले चार हजार कुठल्या बाजूला लिहावेत
ते सुचत नसल्यासारखे.

पण ते नंतर.
त्याआधी, रांग संपल्यावर,
मी पाटाच्या मधोमध जाऊन उभी राहिले.
"किती?"
"पन्नास," खिडकीतून आवाज.
मी चोपन्न आहे.
दहाच्या आतलं ह्या काट्याला दिसत नाही,
ट्रकांसाठी केलाय तो.
"चार किलो खाल्ले तुमच्या काट्याने!"
बाबा हसले बहुतेक. कागद फाटल्याचा आवाज आला.

गाडी क्रमांकाच्या जागी 'शाल्मली'.
रिकामी: पन्नास.
भरलेली: कोरं.

पाच तारखेला हप्ता कापला गेला.
पावती माझ्या पाकिटात आहे.