तोंडघशी

मी जबडे बनवतो.
प्लास्टरचे. मल्हारगंजात, दहा बाय बाराच्या खोलीत,
जिथं मे महिन्यातही पंखा लावत नाही
कारण भुकटी उडते.

फळीवर सत्तावीस जण बसलेत,
नुसते दात नि हिरड्या,
नावं पेन्सिलीनं, तारखा मागच्या बाजूला.
डॉक्टर ठसा पाठवतात, मी माणूस उतरवतो,
आणि वरचे खालच्यांवर ठेवून बघतो
कुठं जुळत नाहीत.

हा ओंकार पाटीदार, देपालपूरचा, वय बावीस.
डोक्याला त्याच्या काहीही झालं नाही.
वाडग्यासारखं हेल्मेट होतं, त्यानं आपलं काम चोख केलं:
शिपायाला दाखवण्यापुरतं
आणि कवटीपुरतं.
पण टाळू पुढे करून कुणी पडत नाही, शाल्मली.
पुढची रिक्षा सवारी बघून थांबते,
हात हँडलवरच राहतात,
आणि हनुवटी सगळ्यांच्या आधी पोहोचते.

तोंडघशी पडला, म्हणतो आपण,
धंद्यात, सोयरिकीत, निवडणुकीत.
हा शब्द ज्यानं पहिल्यांदा उच्चारला
त्यानं कुणालातरी खरंच पडताना पाहिलं असणार.
नीट ऐक, घासत गेल्याचा आवाज
अजून आहे त्यात.

सहा आठवडे तारांनी बांधलेलं तोंड,
आणि तेही इंदुरात!
सकाळी कोपऱ्यावर पोह्यांची वाफ,
त्यावर शेव, जिरावण, शेजारी जिलबी,
आणि ओंकारसाठी तेच पोहे मिक्सरमधून काढलेले,
दाताच्या फटीतून, नळीनं.
म्हणे, भाऊ सराफ्यात न्यायचा रात्री. फक्त वासासाठी.
गळ्यात काळ्या दोऱ्यात एक छोटी पक्कड.
लोकांना वाटायचं, ताईत.
उलटी आली तर आधी तारा तोडायच्या,
हाक मारायची ती नंतर.
आई रात्रभर त्या दोऱ्याचं टोक धरून झोपायची.
झोपायची, असं ती सांगते.

तर आज आपण सियागंजात, मुर्तुझाभाईंच्या दुकानात,
आणि तुला तेच हवंय, वाडगं, पिस्त्याच्या रंगाचं.
केस चपटे होत नाहीत, कान मोकळे,
न काढता उसाचा रस पिता येतो.
आणि हे दुसरं?
«मडक्यात डोकं घातल्यासारखं वाटतं, बाबा.
उकडतं. काच धुरकटते.
ओळखीचे ओळखणार नाहीत.»

सगळं खरं आहे.
उन्हाळ्याला माझ्याकडं उत्तर नाही.
डिसेंबरात, सुपर कॉरिडॉरवर, धुक्यात,
काच बोटभर उघडी ठेवावी लागेल, डोळ्यांतून पाणी येईल.
ओळखीचे ओळखणार नाहीत, हेही खरं.
मी ओळखेन.

मुर्तुझाभाई म्हणाले, भिया, एक नंबर मोठा दूँ?
नको. सैल नको.
गाल दाबले गेले पाहिजेत,
तुझी सुलूमावशी दाबायची तसे,
तू चिडायचीस तसे.
हनुवटीखाली पट्टा, पट्ट्यात फार तर दोन बोटं.
आता हलव डोकं. नाही म्हण.
पुन्हा नाही म्हण.
बघ, तुझ्याबरोबर तेही नाही म्हणतंय.

पैसे देताना तुझं तोंड बघितलं नाही मी.
खोटं कशाला, बघितलं. फुगलेलं होतं.

बाहेर तू गाडी सुरू केलीस,
आतून काहीतरी बोललीस.
काय?
काच वर झाली:
«काही नाही. शिव्या देत होते तुम्हाला.»
आणि पुढच्या दोन दातांमधली ती फट,
तुझ्या आईची, जशीच्या तशी,
जिचा ठसा मी कधी घेतला नाही,
एवढं दातांचं दुकान असून,
दिसली.

काच खाली.
टक्.

मी परत येऊन पाण्यात भुकटी कालवतो.
अठ्ठाविसावा ठसा आलाय, महूहून.
नाव अजून वाचलं नाही.