सपाट चमचा

गच्चीच्या दाराला आतून चिकटवलेलं
जुन्या कॅलेंडरचं पान, उलटं.
विजयकरबाईंचं अक्षर, निळी शाई, कुठेकुठे शिंतोडे.

जून : निंबोळी पेंड, एक मूठ, मातीत कालवून.
जुलै, ऑगस्ट : काही नाही. दिलेलं सगळं
खालच्या कीर्तिकरांच्या खिडकीत उतरतं आणि ते भांडतात.
सप्टेंबर संपताना : वरची दोन बोटं माती काढा, गांडूळखत भरा.
चिकूला हाडांचा चुरा, एक चमचा.
सपाट. शीग नको.
'शीग नको'खाली दोन रेघा.

नऊ झाडं. आठ रंगाच्या डब्यांत,
नववं, कागदी लिंबू,
गळक्या वॉशिंग मशीनच्या टबात.
खुब्याच्या ऑपरेशनसाठी बाई लेकीकडे नागपूरला निघाल्या
तेव्हा किल्ली देताना एवढंच म्हणाल्या,
"रोज उठून विचारू नका त्यांना, कसं वाटतंय म्हणून."

ऑक्टोबरात मला राहवलं नाही.
लिंबू पिवळं दिसलं. समोरच्या टॉवरची धूळ असेल,
किंवा माझेच डोळे.
युरियाचे पांढरे मणी, शीग लावून, दोनदा.
चौथ्या दिवशी पानांच्या कडा
विडीचा चटका दिल्यासारख्या.

फोनवर बाई बराच वेळ गप्प.
मग, "पाणी ओता. खालून नितळ येईपर्यंत ओतत राहा."
मग, "उपाशी झाड थांबतं हो.
भरवलेलं नाही थांबत."

तेरा बादल्या ओतल्या.
कीर्तिकर वर आले, भांडले,
चौदावी त्यांनीच उचलून दिली.

नोव्हेंबर : मोहरीची पेंड, तीन दिवस भिजवून, दहापट पाणी.
वास येईल. येऊ दे.
डिसेंबर : अर्धं.
जानेवारी : आंब्याला पाणीसुद्धा मोजून. त्याला थोडा धाक लागतो.
फेब्रुवारी : तोवर मी आलेच.

आज फेब्रुवारीची अकरा.
बाईंचा फोन लेक उचलते, "झोपल्यात" म्हणते.
परवाही झोपल्या होत्या.

पाववाल्याच्या भट्टीतली राख आणलीय,
पेपरात बांधून, अजून कोमट.
लाकडाचीच ना, तीनदा विचारलं,
तिसऱ्यांदा तो हसला.
मोहोराला पालाश लागतं, एवढं आता कळतं.
किती, ते पानावर नाही.

मूठ भरली.
माझी मूठ मोठी आहे.
बाईंची पाहिलीय मी, किल्लीभोवती मिटलेली,
चिकूएवढी.
तेवढीच उरावी म्हणून बोटं सैल करतोय,
राख पुन्हा पेपरावर उतरतेय,
थोडी वाऱ्याबरोबर कीर्तिकरांकडे.

लिंबाच्या करपलेल्या फांदीवर, पेरापाशी,
काहीतरी टोकदार आलंय, हिरवं.
काटा असेल.
लिंबाला काटेही येतात.