सहाव्या लेव्हलचं पाणी

कार्टूनमधला टुणक्या टोळ कधीच मरत नसे.
रोज साडेचारला तो पावट्याच्या वेलावरून पडायचा,
डोक्याभोवती चांदण्या फिरायच्या,
मग मिशा झटकून म्हणायचा,
हुश्श, वाचलो ब्वा!

गेममधला टुणक्या मात्र मुका.
भद्रकालीतून आणलेली पिवळी कॅसेट,
वर चिकटवलेलं चित्रही भलत्याच किड्याचं.
उडी मारली की टुक्.
खड्ड्यात पडला की तेवढंही नाही.
पहिल्यांदा पडला तेव्हा हर्षद ताटावरून उठला.
आबा म्हणाले, अरे कोपऱ्यात बघ,
अजून दोन आहेत.
हर्षद म्हणाला, ते दुसरे आहेत.

सातपूरला, अशोकनगरच्या दोन खोल्यांत
द्राक्षांच्या उपड्या पेटीवर टीव्ही.
पाच लेव्हल आम्ही हां हां म्हणता संपवल्या:
मिरचीचं शेत, कौलं, सुताराचं झाड,
गुऱ्हाळ, वटवाघळांची विहीर.

सहावीत खालून पाणी चढायचं.

हर्षद बटणं दाबायचा
आणि मी शेजारी बसून पाणी मोजायची,
गोदेला पूर आला की
अख्खं नाशिक मोजतं तसं:
पायाला लागलं...
गुडघ्याला...
कमरेला लागलं रे मारुतीच्या!
दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत आलं
की आमचा टुणक्या गेलेला असायचा.
तिन्ही टुणके.
मग परत मिरच्यांपासून.

त्याच वर्षी आबांच्या वॉल्व्हच्या कंपनीला
फाटकावर नोटीस लागली.
काही दिवस सगळे फाटकासमोर सतरंजी टाकून बसले,
नंतर सतरंजी ज्याची होती तो घेऊन गेला.
आई पपया नर्सरीच्या चौकात
मेसच्या पोळ्या लाटायला जाऊ लागली,
आबा घरी.
भांडी घासायचे, खिळे सरळ करून डब्यात ठेवायचे,
कुणी विचारलं तर म्हणायचे, सेकंड शिफ्ट आहे.

शाळेतून आलो की टीव्हीची पाठ
हाताला गरम लागायची.
हर्षद म्हणायचा, खिडकीतून ऊन येतं.
आमची खिडकी उत्तरेला.

एकदा मेथी निवडता निवडता
आबा सहज म्हणाले,
तिसऱ्या फळीवरून उडी मारू नका रे.
थांबायचं.
ती आधी खाली जाते, पाण्याला टेकते,
आणि मग वर नेते.
आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो.
लेथवरचा माणूस,
याला टोळातलं काय कळतंय!

दिवाळीच्या सुट्टीत, शेवटच्या टुणक्याला घेऊन
हर्षद तिसऱ्या फळीवर थांबला.
का थांबला, मी विचारलं नाही.
फळी खाली गेली. मी मोजायचं विसरले.
पाणी टुणक्याच्या मिशांना लागलं,
आणि फळी वर निघाली,
वर, पडद्याच्याही वर,
जिथे आम्ही कधी काहीच पाहिलं नव्हतं.

तिथे टुणक्याची आई असणार होती.
कार्टूनमध्ये दर शनिवारी
भोपळ्याच्या दारात दिवा घेऊन बसते ती.
आमचं ठरलंच होतं तसं.

आलं ते मिरचीचं शेत.
तेच. पहिलंच. तोच गोगलगाईचा दगड,
तोच पहिला खड्डा.
मिरच्या तेवढ्या निळ्या केलेल्या, आणि आकाश...
हर्षदने रिमोट फरशीवर ठेवला.
टुणक्या मिशा हलवत उभा राहिला.
मी कॅसेटवरचं चित्र नखाने खरवडत बसले.

आबा आतल्या खोलीत, आमच्याकडे पाठ करून
उद्याच्या मुलाखतीचे बूट पुसत होते.
त्या खोलीतून टीव्ही दिसत नाही.

झालं का आकाश हिरवं?
त्यांनी विचारलं.
ब्रशचा आवाज थांबला नाही.
आता खड्डे जरा रुंद येतात.